मोज्यातलं कार्ड

कुस्तीगिरांच्या कार्डांपायी मी माझ्या सख्ख्या भावाच्या मांडीत कर्कटक खुपसलं होतं. मी अकरा वर्षांची होते, तो तेरा. त्याने माझ्या गठ्ठ्यातलं एक कार्ड न विचारता उचललं, एवढंच कारण. आईने मला लाटण्याने बडवलं, बाबांनी दोघांनाही पट्ट्याने सोलून काढलं, आणि संध्याकाळी आम्ही दोघं पायरीवर बसून तेच कार्ड घेऊन पुन्हा खेळत होतो. त्याच्या मांडीवर तो काळा ठिपका अजून आहे. वहिनीला त्याने बाभळीचा काटा घुसला होता म्हणून सांगितलंय.

लहानपणी जमवलेल्या गोष्टींविषयी बोलताना लोकांचा आवाज उगाच मऊ होतो. इथे जर्मनीत, येनाला, आमच्या लेन्सच्या प्रयोगशाळेत एक सहकारी आहे. त्याने त्याची जुनी फुटबॉलची कार्डं प्लास्टिकच्या खणांमध्ये घालून ठेवली आहेत आणि ती दाखवायच्या आधी तो हात धुऊन येतो. मला हसू आवरत नाही. आमच्या कार्डांवर उसाचा रस, शेंबूड आणि बऱ्याचदा कुणाचं तरी रक्त असायचं. तरी खरं सांगते, त्या कार्डांइतकं जीव तोडून मी नंतर कशावरही प्रेम केलेलं नाही.

आम्ही साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. बाबा कारखान्यात केमिस्ट होते, म्हणून आम्हाला अंगण असलेलं क्वार्टर होतं. कामगारांची चाळ मैदानाच्या पलीकडे. गेटसमोरच्या टपरीवर चिंगमच्या पुड्या मिळायच्या आणि प्रत्येक पुडीत एक कार्ड. चिंगम दगडासारखं असायचं, ते आम्ही थुंकून टाकायचो. कार्ड मात्र आधी नाकाला लावायचं. त्याला गुलाबी पिठीसाखरेचा वास असे. पुढच्या बाजूला चड्डीतला एखादा राक्षस दात विचकत उभा, मागे त्याचे आकडे: क्रमांक, उंची, वजन, छाती, दंड, जिंकलेल्या लढती. दोघांनी गठ्ठे धरायचे, वरचं कार्ड बघून आकडा सांगायचा, ज्याचा मोठा त्याने दुसऱ्याचं कार्ड खायचं. मी मैदानाच्या मधोमध उभी राहून "माझी छाती अठ्ठावन्न! तुझी सांग!" असं बोंबलायचे. शेजारच्या काकू एकदा आईला येऊन म्हणाल्या, "अहो, तुमच्या मुलीला जरा आवरा, वयात येतेय ती." आईने घरात नेऊन मला आवरलं. गाल दोन दिवस सुजला होता.

एक दिवस दादाच्या पुडीत क्रमांक एकचं कार्ड निघालं. आख्ख्या कॉलनीत ते कुणाकडेच नव्हतं. त्या पैलवानाला आम्ही डोंगर म्हणायचो. त्याच्या मानेचा पत्ताच नव्हता, खांद्यांवर थेट डोकं. पोरं रांग लावून बघायला आली. दादाने ते फक्त एकाच्या हातात दिलं, त्याच्या जिवलग मित्राच्या. हा मित्र चाळीत राहायचा. त्याचे वडील कारखान्याच्या बॉयलरवर भट्टीत चिपाडं लोटायच्या कामाला होते. त्याच्याकडे पुड्या घ्यायला पैसे नसत, म्हणून तो सिगारेटच्या पाकिटांचा पुठ्ठा कापून त्यावर बॉलपेनने स्वतःच पैलवान काढायचा आणि मागे आकडेही लिहायचा. दादा ती कार्डं खऱ्यासारखी खेळात घ्यायचा. दुसऱ्या कुणी नाक मुरडलं तर त्याला बुकलायचा.

मी हात पुढे केला तर दादा म्हणाला, "तुला नाही. तू भोसकतेस."

सगळी पोरं हसली. मला ते हसू सहन झालं नाही. त्या संध्याकाळी त्याच्या इतिहासाच्या पुस्तकातून मी कार्ड काढलं आणि डाव्या मोज्यात, तळव्याखाली सरकवलं. चोरायचं नव्हतं. सकाळी शाळेत जाताना एकटीने नीट बघायचं आणि परत ठेवायचं, असं मी ठरवलं होतं. पण दादाने सकाळी पुस्तक उघडलं आणि घरात आकांत केला. त्याने मला विचारलं. मी म्हणाले, "काल त्याच्याच हातात होतं ना?"

एवढंच म्हणाले. खोटं असं त्यात काहीच नव्हतं.

शाळा सुटल्यावर कारखान्यामागच्या चिपाडांच्या ढिगापाशी दादाने त्याला गाठलं. मित्र अंगाने दादापेक्षा थोराड होता. मनात आणलं असतं तर एका हाताने दादाला लोळवलं असतं. पण त्याने हात उचललाच नाही. "आईशपथ नाही घेतलं," एवढंच म्हणत राहिला. दादाने आधी थोबाडीत मारल्या, मग पोटात गुडघा घातला, मग ट्रॅक्टरमधून पडलेला ऊस उचलून पाठीवर, डोक्यावर, कानावर मारत सुटला. ऊस मोडला तेव्हा दुसरा घेतला. मित्र खाली पडला तसा दादा त्याच्या छातीवर बसला आणि त्याचं तोंड चिपाडांत रगडलं. आम्ही पोरं गोल करून उभी होतो. आणि मी, जिच्या मोज्यात कार्ड होतं, ती पुढे झाले, गुडघ्यावर बसले आणि टीव्हीवरच्या पंचासारखा जमिनीवर हात आपटत मोजायला लागले. एक. दोन. तीन. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला मजा येत होती. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, की मला मजा येत होती.

त्याच्या कानातून रक्त आलं. एक दात चिपाडांत पडला, तो त्याने शोधला पण सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचे वडील त्याला घेऊन आमच्या दारात आले. मला वाटलं, आता बाबांशी भांडण होणार. तसं काही झालं नाही. ते पायरीखालीच उभे राहिले आणि हात जोडून बाबांना म्हणाले, "साहेब, पोराची चूक झाली, पदरात घ्या." आणि आमच्यासमोर त्यांनी त्या सुजलेल्या पोराच्या पाठीत चार गुद्दे घातले. केमिस्टसाहेबांच्या पोराची वस्तू चोरली म्हणजे आपल्या नोकरीवर येईल, अशी भीती त्यांना वाटत होती. बाबा म्हणाले, "जाऊ द्या हो, लहान आहेत." मी दाराआड होते. एक शब्द बोलले असते तर सगळं तिथेच थांबलं असतं. मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे अंघोळीच्या बंबात मी ते कार्ड टाकलं. वर मेणासारखा थर होता, जळायला बराच वेळ लागला.

दादा आणि तो मित्र पुन्हा कधी एकत्र दिसले नाहीत. मी पुण्याला शिकले, मग इथे पीएचडीला आले आणि राहिले. दादा तिथेच कारखान्यात लागला. मित्राने गेटसमोर पिठाची गिरणी टाकली, असं कधीतरी आईकडून कळलं. मी विषय बदलला.

आता माझी मुलगी दहा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते. नवरा आठवडाभर फ्रँकफर्टला नोकरीच्या जागी असतो, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. यंदा सुपरमार्केटमध्ये खरेदीवर फुटबॉलपटूंच्या कार्डांची पाकिटं मिळायला लागली आणि घराचा नूरच पालटला. गरज नसताना मी दही घ्यायला लागले. ती पाकीट फाडायची, मी मान लांब करून बघायचे. ती जेवताना खेळाडूंचे वेग आणि गोल घडाघडा म्हणायची आणि माझा घास हातातच राहायचा. तीस वर्षं विसरलेली हाव पुन्हा पोटात जागी झाली होती. मला लाज वाटत होती आणि मजाही येत होती.

एका सोमवारी तिला चमचमणारं कार्ड मिळालं. हलवलं की खेळाडूच्या अंगावरून हिरवा, जांभळा, सोनेरी असे रंग धावत जायचे. त्याच दुपारी तिच्या वर्गातला एक मुलगा खेळायला आला होता. तो कार्डाकडे इतका वेळ बघत बसला, की त्याचा कोको थंड झाला. तो मुलगा आणि त्याची आई शहराच्या टोकाच्या उंच, एकसारख्या इमारतींत राहतात. आई रात्रपाळीला असते. त्याच्याकडे कार्डं थोडीच आहेत, तीही साधी.

मंगळवारी सकाळी मुलगी दात घासत असताना मी ते कार्ड तिच्या वहीतून उचललं. त्या चमकणाऱ्या पापुद्र्यावर केसाहून बारीक रेषा असतात, त्यांच्यामुळे प्रकाशाचे रंग सुटे होतात. माझं रोजचं कामच ते. म्हटलं, सूक्ष्मदर्शकाखाली घालून बघू, संध्याकाळी परत ठेवू. अशी चूक बहुधा आमच्याच धंद्यातली बाई करेल. प्रयोगशाळेत ते भिंगाखाली घातलं. हात धुणारा तो सहकारी आला, मग अजून दोघं आले, आणि आम्ही चार डॉक्टरेट मिळवलेली माणसं पाळीपाळीने डोळा लावून "आखऽऽ, शोन!", म्हणजे वा, काय सुंदर, असं करत उभे होतो. मग मीटिंगची वेळ झाली आणि कार्ड माझ्या खणात राहिलं.

संध्याकाळी मुलीने खोली उलथीपालथी केली. मी भेंडी चिरत होते. ती रडवेली होऊन स्वयंपाकघरात आली आणि तिने विचारलं, तू पाहिलंस का. आदल्याच आठवड्यात मी तिला दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता हात लावायचा नाही यावर तासभर व्याख्यान दिलं होतं, कारण तिने माझी कात्री नेली होती. मी म्हणाले, "नीट बघ, असेल तिथंच." आणि भेंडी चिरत राहिले. उद्या संध्याकाळी गुपचूप वहीत ठेवीन, असा माझा बेत होता.

बुधवारी अकरा वाजता शाळेतून फोन आला. मुलीने त्या मुलाला धरलं होतं. त्याचा ओठ फोडला होता आणि त्याचा हात कपाटात घालून वरून दार लोटलं होतं. दोन बोटांची नखं काळी पडली होती. दोन वाजता या, त्या मुलाची आईही येते आहे.

मी खण उघडून कार्ड पर्समध्ये टाकलं. ट्राममध्ये बसून मी ठरवलं, की शाळेत मुलीच्या दप्तरात ते हळूच सरकवायचं आणि मग "अगं, हे बघ, इथंच तर आहे" म्हणून सापडवायचं. मुलगा चोर ठरणार नाही, मुलगी माफी मागेल आणि मी सुटेन. मला तो बेत फारच शहाणपणाचा वाटला.

तिथे दप्तराजवळ जायला मिळालंच नाही. एका गोल टेबलाभोवती आम्हाला बसवलं: मी आणि मुलगी, समोर तो मुलगा आणि त्याची आई, मध्ये वर्गशिक्षिका. त्यांच्याकडे भांडण मिटवायची एक रीत आहे. एकाने बोलायचं, दुसऱ्याने आधी तेच जसंच्या तसं आपल्या तोंडाने म्हणायचं आणि मगच स्वतःचं बोलायचं. मुलाच्या ओठावर पट्टी होती. तो टेबलाकडे बघत हळू म्हणाला, "मी ते कार्ड घेतलं नाही."

"आल्झो, तर मग," शिक्षिका माझ्या मुलीला म्हणाल्या, "त्याने काय सांगितलं?"

"तू म्हणतोस की तू घेतलं नाहीस," मुलगी जर्मनमध्ये म्हणाली. मग एक श्वास घेऊन पुढे, "पण तूच घेतलंस. तुझ्याकडे एकही चमकणारं नाही. तुझ्याकडे कधीच काही नसतं, म्हणून तू घेतोस."

त्या मुलाच्या आईने डोळे मिटले. माझ्या डोक्यात रक्त चढलं. ते वाक्य, तो ठाम आवाज माझा होता, मीच तिच्यात ओतलेला. माझा हात उचलला गेला. मुलीच्या गालापासून वीतभर अंतरावर तो होता, शिक्षिका खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या, आणि मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला मी कधीही मारलेलं नव्हतं. इथे येताना तेवढी एक गोष्ट मी मागे टाकून आले, असं मला वाटायचं. मी तो हात तसाच वळवला, पर्समध्ये घातला आणि कार्ड इतक्या जोरात टेबलावर आपटलं की पाण्याचा पेला आडवा झाला.

"मी घेतलं," मी म्हणाले. "मंगळवारी सकाळी. काल तिने विचारलं तेव्हाही माझ्याकडेच होतं."

पाणी टेबलावरून त्या मुलाच्या मांडीवर गळत होतं. तो हलला नाही. त्याची आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "सकाळी शाळेतून फोन आल्यावर मी त्याची खोली तपासली. गादी उचलली. इथे आल्यावर दप्तर आणि खिसेही उलटे केले. तो मला सांगत होता आणि मी ऐकलं नाही." मग ती रडायला लागली. मी सॉरी म्हणाले, तर तिने हाताने मला गप्प केलं.

शिक्षिकेने रीत सोडली नाही. माझ्या मुलीला विचारलं, "आईने काय सांगितलं?"

मुलीने ओलं झालेलं कार्ड माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाली, "तू म्हणतेस की तू घेतलंस. भेंडी चिरत होतीस तेव्हा तुला माहीत होतं." ती उठली, टेबलाला वळसा घालून त्या मुलाकडे गेली. माफीच मागायला गेली असणार. पण ती जवळ येताच त्याने पट्टी बांधलेला हात चेहऱ्यावर आडवा धरला आणि खुर्चीसकट मागे सरकला. ती जागच्या जागी थांबली.

ट्रामच्या थांब्यावर तिने माझा हात धरला नाही. दोन बाकं सोडून बसली. मग तिथूनच विचारलं, याआधी तू असं केलं होतंस का. मला नाही म्हणता आलं असतं. मी तिच्या बाकावर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं: डोंगर, मोजा, चिपाडं, एक दोन तीन. मजा येत होती हेही सांगितलं.

"तो मेला का?" शेवटी तिने विचारलं.

"नाही गं. गिरणी आहे त्याची."

"मामाला माहितेय?"

"नाही."

"मग फोन कर. आत्ता."

भारतात संध्याकाळचे साडेसात वाजले असतील. दादाने उचलला, मागे टीव्ही चालू होता. त्याने नेहमीप्रमाणे थंडी किती म्हणून विचारलं. मी म्हणाले, "दादा, ते डोंगरचं कार्ड मी घेतलं होतं. माझ्या मोज्यात होतं. तू त्याला मारत होतास तेव्हाही होतं."

मला वाटलं तो विचारेल, कुठलं कार्ड. तिसावर वर्षं झाली होती. त्याने विचारलं नाही. टीव्हीचा आवाज बंद झाला. दार उघडल्याचा आणि तो अंगणात आल्याचा आवाज आला.

"तू मोजत होतीस," तो म्हणाला.

"हो."

"हात आपटून मोजत होतीस."

"हो, दादा."

"त्याचा बाप गेला गेल्या पावसात," दादा म्हणाला. आवाज अगदी साधा होता, बाजारभाव सांगावा तसा. "पोरं बाहेरगावी, पाऊस मरणाचा, खांद्याला चौथा माणूस मिळेना. तिघंजण तिरडीपाशी थांबले होते, आपल्या फाटकासमोर. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी चप्पल काढून पायरीपर्यंत आलो अन् परत घातली. म्हटलं, चोराच्या बापाला कशाला खांदा द्यायचा. आत जाऊन दार लावून घेतलं. शेवटी टपरीवाल्याला बोलावून नेलं त्यांनी."

मी काहीतरी बोलायला गेले. तेव्हा त्याचा आवाज फुटला आणि त्याने मला शिव्या द्यायला सुरुवात केली. आमच्या बाबांच्या तोंडीही कधी आल्या नसतील अशा. आईवरून, बाबांवरून, माझ्या शिक्षणावरून, इथल्या घरावरून. मुलगी शेजारी बसून ऐकत होती. मी फोन कानावरून काढला नाही. आमची ट्राम आली आणि निघून गेली, मग पुढचीही गेली. बऱ्याच वेळाने तो थांबला, दम लागल्यासारखा.

"त्याला मी सांगणार नाही," तो म्हणाला. "मला तोंड नाही. तू ये. त्याच्या गिरणीच्या दारात उभी राहा, सगळ्यांसमोर सांग, अन् तो मारेल तेवढा मार खा. मी आडवा येणार नाही."

मी म्हणाले, "येते."